कोप, लढा, फूटप्रिंट, टाकी की देणं? हवामान बदलाच्या बातमीसाठी रूपक निवडताना

‘पावसाने दगा दिला.’ ‘सूर्य आग ओकतोय.’ ‘निसर्ग कोपला.’ रात्री पान सोडायची वेळ झाली की असे मथळे बोटांतून आपोआप उतरतात. भाषा म्हणून त्यांत काही चूक नाही. फक्त दगा देणारा पाऊस, आग ओकणारा सूर्य आणि कोपणारा निसर्ग या तिघांच्या गर्दीत माणूस कुठेच दिसत नाही. हवामान बदलाची बातमी मात्र मुळातच कोणी केलं, कोणी भोगलं आणि कोणी निस्तरायचं याची बातमी असते. रूपक निवडलं की या तिन्ही प्रश्नांची उत्तरं, पहिला आकडा येण्याआधीच, निम्मी ठरून जातात.

हा आढावा अशी निवड रोज करावी लागणाऱ्यांसाठी आहे: बातमीदार, उपसंपादक, वृत्तसंस्थेची इंग्रजी प्रत मराठीत आणणारे. आमचं मत आधीच सांगतो. सगळ्या बातम्यांना पुरेल असं एक रूपक नाही. जबाबदारीच्या बातमीत ‘टाकी’ आणि ‘देणं’ ही दोन सर्वांत जास्त भार पेलतात. ‘कोप’ आणि ‘लढा’ शक्यतो टाळावीत. ‘फूटप्रिंट’ वापरायचंच असेल तर छेद, म्हणजे आकडा कशामागे मोजला ते, सांगून.

रूपकाने वाचकाचं मत खरंच हलतं का, यावर संशोधकांत एकवाक्यता नाही. पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी २०११मध्ये एका काल्पनिक शहरातल्या गुन्हेगारीचं वर्णन दोन प्रकारे वाचायला दिलं. गुन्हेगारी ‘हिंस्र पशू’ असल्याचं वाचलेल्यांनी पोलिसी बंदोबस्त आणि शिक्षा जास्त सुचवली. ‘विषाणू’ असल्याचं वाचलेल्यांपैकी जास्त जण सामाजिक कारणांकडे वळले. २०१४मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हाच प्रयोग बदल करून पुन्हा केला, तेव्हा त्यांना रूपकाचा असा परिणाम आढळला नाही. त्यामुळे एका शब्दाने जनमत फिरतं, असा दावा करू नये. पण रूपक बातमीदारालाही बांधतं. ‘कोप’ लिहिलेल्या बातमीत ‘जबाबदार कोण?’ हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही, आणि आमच्या मते खरं नुकसान तिथे होतं.

आधी क्रियापद

रूपकाआधी क्रियापद तपासावं. ‘तापमान वाढलं’, ‘हिमनद्या वितळल्या’, ‘समुद्र पुढे सरकला’ ही वाक्यं व्याकरणाने पूर्ण आहेत. कर्त्याची जागा रिकामी आहे, हे जाणवतही नाही. ‘तापमानवाढ’ या शब्दातही वाढ आहे, वाढवणारा नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक तज्ज्ञगटाच्या सहाव्या अहवालाचा २०२१मधला पहिला भाग मात्र हे सकर्मक क्रियापदाने सांगतो: मानवी प्रभावाने वातावरण, महासागर आणि जमीन तापवली आहे, हे निर्विवाद आहे. ‘तापवली’चं ‘तापली’ करताना एकच अक्षर गळतं. पण त्या अहवालाने सर्वांत ठामपणे सांगितलेली गोष्ट त्या अक्षराबरोबर जाते.

‘ओढवणं’ याहून नाजूक. ‘संकट ओढवलं’ म्हणजे ते आपसूक आलं. ‘संकट ओढवून घेतलं’ म्हणजे भोगणाऱ्यानेच ते आणलं. ‘माणसाने हे संकट ओढवून घेतलं’ हे वाक्य प्रांजळ कबुलीसारखं वाटतं, पण त्यातला ‘माणूस’ कोण? अमेरिकेत इंधनज्वलनातून माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात सुमारे २ टन आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत एका टनाहूनही बराच कमी. या सगळ्यांना एकाच ‘माणसा’त कोंबून लिहिलेलं वाक्य ज्याने केलं आणि ज्याने भोगलं त्यांना एक करून टाकतं.

कोप: अस्मानी की सुलतानी

मराठीने ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ हा भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. आभाळातून येतं ते एक, सत्तेकडून येतं ते दुसरं. हवामान बदलाने ही वाटणी अवघड केली, कारण आता अस्मानीतही सुलतानीचा वाटा आहे. ‘कोप’ हे रूपक सगळं पहिल्या खात्यात टाकतं. मग इशारा किती तास आधी दिला गेला, पाण्याच्या वाटेवर बांधकामाला परवानगी कोणी दिली, हे प्रश्न बातमीबाहेर राहतात.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. प्रत्येक आपत्तीच्या मथळ्यात ‘हवामान बदलाचा फटका’ आला की जवळचे जबाबदार लोक सुटतात. २०२१मध्ये दक्षिण मादागास्करमधल्या अन्नटंचाईचं वर्णन संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने हवामान बदलाने आणलेला दुष्काळ असं केलं आणि जगभर तसे मथळे लागले. त्या वर्षाच्या शेवटी ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन’ या संशोधकगटाचं विश्लेषण आलं. पाऊस कमी झाला होता हे खरं, पण त्यात हवामान बदलाचा हात असलाच तर अगदी थोडा. अन्नटंचाईमागे गरिबी, तोकड्या सुविधा आणि पावसावरच विसंबलेली शेती ही कारणं ठळक होती.

म्हणून आपत्तीच्या बातमीत तीन गोष्टी सुट्या लिहाव्यात: धोका किती मोठा होता, त्याच्या वाटेत किती लोक आणि मालमत्ता होती, आणि ते लोक किती असुरक्षित होते. आयपीसीसीही जोखीम याच तीन अंगांनी मोजते. पहिल्या अंगाची जबाबदारी बऱ्याच अंशी जागतिक उत्सर्जनावर जाते, उरलेल्या दोन अंगांची बहुतेक वेळा स्थानिक सत्तेवर. ‘कोप’ या तिन्हींचा एकच गोळा करतो.

लढा आणि शर्यत

‘हवामान बदलाविरुद्धचा लढा’ इतकं रुळलं आहे की ते रूपक आहे, हेच आपण विसरलो. त्याचा एक फायदा मोजलेला आहे. स्टीफन फ्लुसबर्ग, टीनी मॅटलॉक आणि थिबोडो यांच्या २०१७मधल्या अभ्यासात ‘युद्ध’ वाचलेल्यांना ‘शर्यत’ वाचलेल्यांपेक्षा निकड आणि धोका जास्त जाणवला. आपल्या सवयी बदलायची तयारीही त्यांनी जास्त दाखवली. निकडीपुरतं हे रूपक चालतं.

जबाबदारीच्या बाबतीत ते कोसळतं. या लढ्यात शत्रू कोण? कार्बन डायऑक्साइडला पत्ता नसतो. शत्रू असा बाहेर, आभाळात नेऊन ठेवला की खाली उरलेले सगळे आपोआप एकाच छावणीत येतात, आणि शत्रूला रसद पुरवणाराही त्याच छावणीत सेनापती म्हणून मिरवू शकतो. शिवाय युद्ध चालू असताना हिशेब मागणं अप्रशस्त मानलं जातं, तर इथे हिशेब हीच बातमी आहे. एका जागी मात्र ‘लढा’ चपखल बसतो: वादी-प्रतिवादी नावानिशी समोरासमोर असतात तिथे. उर्जेंडा या पर्यावरणसंस्थेने सरकारविरुद्ध भरलेल्या खटल्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०१९ला सरकारला १९९०च्या तुलनेत २०२० अखेर किमान २५ टक्के उत्सर्जनकपात करायला लावणारा आदेश कायम केला. तो शब्दशः कायदेशीर लढा होता.

‘शर्यत’ त्याहून अपुरी. शर्यतीत सगळे एकाच रेषेवरून सुटतात, म्हणजे दीडशे वर्षांचा इतिहास पहिल्याच पावलात पुसला जातो.

फूटप्रिंट: पाय कोणाचा

‘कार्बन फूटप्रिंट’, ‘पदचिन्ह’, ‘पाऊलखूण’, काहीही म्हटलं तरी चित्र एकच: एकटा माणूस चालतो आहे आणि मागे खूण सोडतो आहे. मुळात ही कल्पना अशी नव्हती. १९९०च्या दशकात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी मांडलेलं ‘पर्यावरणीय पाऊल’ हे जमिनीचं माप होतं. एखादं शहर किंवा देश जगवायला किती जमीन-पाणी लागतं, याचं. पुढे त्याचं टनांत मोजायचं ‘कार्बन’ रूप आलं, आणि ते घरोघरी पोचवण्यात एका तेलकंपनीचा मोठा हात होता. बीपीने २००४मध्ये लोकांना स्वतःचं फूटप्रिंट काढता यावं म्हणून गणकयंत्र दिलं आणि त्याभोवती मोठी जाहिरातमोहीम चालवली. जेफ्री सुप्रान आणि नेओमी ओरेस्केस यांनी २०२१मध्ये एक्झॉनमोबिलच्या कागदपत्रांची शब्दमोजणी करून हीच दिशा दाखवली. लोकांपुढच्या मजकुरात ‘ग्राहक’ आणि ‘मागणी’ या शब्दांतून जबाबदारी इंधन काढणाऱ्याकडून जाळणाऱ्याकडे सरकत गेलेली दिसते.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण या रूपकाला लगेच चिकटते, आणि घोटाळा तिथेच होतो. म्हणीतले थेंब सारखे असतात, इथले नसतात. ऑक्सफॅमच्या २०२३मधल्या अहवालानुसार २०१९ साली जगातल्या सर्वांत श्रीमंत १ टक्का लोकांच्या वाट्याला १६ टक्के उत्सर्जन होतं, म्हणजे तळच्या ६६ टक्के लोकांच्या मिळून होतं जवळजवळ तेवढंच. देशाची सरासरी देऊन ‘आपलं फूटप्रिंट’ असा मथळा केला की विमानाने महिन्यातून चारदा जाणारा आणि पायी कामावर जाणारी एकाच आकड्यात बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा हा आकडा असतो.

म्हणून फूटप्रिंटचा आकडा छापण्याआधी त्याचा छेद विचारावा: दर माणशी, दर घरामागे की दर देशामागे? दर माणशी असेल तर सरासरी की ठरावीक उत्पन्नगटाची? कोणतं वर्ष? देशाच्या हद्दीत झालेलं उत्सर्जन, की आयात मालामागचंही धरून? फक्त कार्बन डायऑक्साइड, की मिथेन वगैरे ‘समतुल्य’ करून मिळवलेले? यातलं एक जरी कळलं नाही, तरी आकडा तुलनेसाठी वापरू नये.

आता याच्या बरोबर उलट टोकाचं रूपक पाहा: ‘शंभर गुन्हेगार’. सीडीपी संस्थेच्या २०१७मधल्या अहवालात म्हटलं होतं की १९८८पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी ७१ टक्के १०० जीवाश्म इंधन उत्पादकांशी जोडता येतात. मथळ्यापर्यंत येता येता त्याचं झालं ‘जगाच्या ७१ टक्के प्रदूषणाला १०० कंपन्या जबाबदार’. एवढ्याशा प्रवासात तीन चुका झाल्या. ‘औद्योगिक’ हा शब्द गळला, त्यामुळे जंगलतोड आणि शेतीचं उत्सर्जनही नकळत कंपन्यांच्या नावावर चढलं. ‘उत्पादक’च्या जागी ‘कंपन्या’ आलं, जेव्हा त्या यादीत सरकारी मालकीचे उद्योग आहेत आणि चीनचं कोळसा क्षेत्र तर एकच नोंद म्हणून धरलेलं आहे. तिसरी चूक सर्वांत मोठी. त्या उत्पादकांच्या नावावरच्या उत्सर्जनापैकी सुमारे ९० टक्के हे विकलेलं इंधन दुसऱ्याने जाळल्यावर होणारं आहे. म्हणजे गाडीवाल्याच्या फूटप्रिंटमधला धूर आणि तेलकंपनीच्या खात्यातला धूर एकच. दोन्ही आकडे एका चौकटीत शेजारी छापले तर वाचक त्यांची बेरीज करतो.

‘१०० उत्पादकांनी काढलेल्या इंधनातून’ असं लिहिलं तर आकडाही खरा राहतो आणि बोटही बरोबर जागी जातं.

टाकी: आमची पहिली पसंती

वरून नळ चालू, खाली छोटी मोरी, आत साठलेलं पाणी. नळ म्हणजे वर्षाचं उत्सर्जन, मोरी म्हणजे महासागर आणि जमीन शोषून घेतात तो भाग, पातळी म्हणजे हवेतलं प्रमाण. आजवर माणसाच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून थोडा जास्त भाग या मोरीने ओढून घेतला. तरीही उद्योगयुगापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० असलेली पातळी आता ४२०च्या वर आहे.

हे चित्र का लागतं? जॉन स्टरमन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विचारलं: हवेतलं प्रमाण स्थिर करायचं तर उत्सर्जनाची रेघ कशी जायला हवी? बहुतेकांनी पातळीच्या रेघेसारखीच नळाची रेघ काढली, जणू नळ आहे तेवढाच चालू ठेवला की पाणी चढायचं थांबेल. २००७मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गणित शिकलेल्यांची ही गत, तर ‘उत्सर्जन घटलं’ एवढंच वाचणाऱ्याला ‘तापमान उतरणार’ असं वाटलं तर दोष त्याचा नाही. २०२० साली टाळेबंदीमुळे इंधनाचं उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटलं, तरी त्या वर्षी हवेतलं प्रमाण चढतच राहिलं. नळ जरासा आवळला होता, इतकंच.

जबाबदारीच्या दृष्टीने टाकीचा खरा उपयोग पुढे आहे. ती दोन वेगळे प्रश्न समोर ठेवते: आज कोणाचा नळ मोठा, आणि टाकीत कोणाचं पाणी जास्त? पहिल्याचं उत्तर चीन, जगाच्या इंधनउत्सर्जनाच्या जवळजवळ एक तृतीयांश. दुसऱ्याचं उत्तर अमेरिका, औद्योगिक काळापासूनच्या एकूण इंधनउत्सर्जनाच्या सुमारे एक चतुर्थांश. चीन तिथे साधारण सातव्या हिश्श्यावर येतो आणि भारत तीन-चार टक्क्यांवर. जंगलतोड धरली की ब्राझील आणि इंडोनेशियाचा वाटा चढतो. ‘सर्वांत मोठा प्रदूषक’ असा मथळा करताना नळ की पाणी हे सांगितलं नाही, तर मथळ्याला अर्थ राहत नाही. दोन्ही बाजूंचे प्रवक्ते आपल्याला सोयीचा आकडा देतात. बातमीत दोन्ही शेजारीशेजारी हवेत.

१९९१मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी नेमका हाच वाद उभा केला. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने उत्सर्जनानुसार देशांची क्रमवारी लावली होती. या दोघांचा आक्षेप असा की पृथ्वी जेवढं शोषते त्यात प्रत्येक माणसाचा समान हिस्सा आहे, आणि पोटासाठीचं उत्सर्जन व चैनीचं उत्सर्जन एकाच पारड्यात तोलता येत नाही. टाकीच्या भाषेत त्यांचा प्रश्न मोरीच्या मालकीचा होता. रूपकातला सर्वांत दुर्लक्षित भाग त्यांनी पकडला.

टाकी कुठे कमी पडते तेही सांगायला हवं. पाणी आणि तापमान यांचा दुवा ती स्वतः दाखवत नाही. तो आकड्याने द्यावा लागतो: दर १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे ०.४५ अंश सेल्सिअस. मिथेनला हे चित्र लावताना जपावं, तो दहा-बारा वर्षांत बराचसा विरतो. आणि टाकीच्या चित्रात भोगणारा कुठेच नाही. पूर आला त्या गावाची बातमी टाकीने सुरू केली तर ती कोरडी होते.

देणं

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींची बातमी असेल तर हे रूपक आपण निवडण्याआधीच टेबलावर असतं. १९९२च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात ‘सामायिक पण भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व आलं. त्यात सगळ्यांना बांधणारं आणि वेगळं करणारं दोन्ही आहे, आणि तेव्हापासूनची ओढाताण या दोन शब्दांमधली आहे. २००९मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिकेचे वाटाघाटीकार टॉड स्टर्न यांनी अपराधभाव आणि भरपाई या कल्पना साफ फेटाळल्या. २०१५मध्ये पॅरिस करारात हानी-नुकसानीचं ८वं कलम आलं, पण सोबतच्या निर्णयाच्या ५१व्या परिच्छेदात लिहून घेतलं गेलं की या कलमातून दायित्व किंवा भरपाईचा आधार निर्माण होत नाही. २०२२मध्ये शर्म अल-शेखला हानी-नुकसान निधी मान्य झाला. ‘भरपाई निधी’ असे मथळे तेव्हा लागले, पण करारातल्या देशांनी तो शब्द मुद्दाम बाहेर ठेवला होता. बातमीदाराने ‘भरपाई’ हा मागणाऱ्यांचा शब्द म्हणून अवतरणात द्यावा, स्वतःच्या वाक्यात नाही. तोच नियम ‘मदत’ या देणाऱ्यांच्या शब्दालाही लावावा. एकाला अवतरण आणि दुसऱ्याला मोकळीक दिली की बातमीने बाजू घेतली.

मराठीत इथे एक खास खड्डा आहे. रूपकातलं ‘कर्ज’ आणि खरंखुरं कर्ज एकाच बातमीत येतात. विकसित देशांनी वर्षाला १०० अब्ज डॉलरचं वचन २००९मध्ये दिलं, मुदत २०२०ची होती, आणि ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने ते पहिल्यांदा पाळलं गेलं २०२२मध्ये, ११५.९ अब्ज डॉलर. त्यातल्या सरकारी पैशांपैकी जवळजवळ ७० टक्के रक्कम कर्जाऊ होती. आता ‘विकसित देशांनी हवामानाचं कर्ज...’ या वाक्याचा शेवट ‘फेडलं’ होईल की ‘दिलं’, यावर सगळा अर्थ फिरतो, आणि घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. आमची शिफारस सरळ आहे: रूपकासाठी ‘देणं’ किंवा ‘थकबाकी’, बँकेच्या व्यवहारासाठीच ‘कर्ज’, आणि दोन्ही येत असतील तर रकमेतला अनुदानाचा वाटा पहिल्या तीन परिच्छेदांत. २०२४मध्ये बाकूला ठरलेले २०३५पर्यंतचे वर्षाला ३०० अब्ज डॉलर हेही याच काट्यावर तपासावेत.

‘देणं’ची कमजोरी अशी की देणं फेडता येतं, आणि फेडलं की विषय मिटतो. बुडालेलं बेट पैशाने वर येत नाही. शिवाय देणेकरी देश म्हटला की त्या देशातले गरीबही देणेकरी होतात. तरीही २३ जुलै २०२५च्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या सल्लागार मतानंतर हे रूपक नुसतं रूपक राहिलेलं नाही. हवामानविषयक कर्तव्यभंग हे आंतरराष्ट्रीय बेकायदा कृत्य ठरू शकतं आणि कार्यकारणसंबंध दाखवता आला तर पूर्ण भरपाईचं दायित्व येऊ शकतं, असं त्या मतात आहे. ‘न्यायालयाचा भरपाईचा आदेश’ असं मात्र लिहू नये. ते मत आहे, आदेश नव्हे.

फासे

उष्णतेची लाट, अतिवृष्टी, वादळ. ‘हवामान बदलामुळेच झालं का?’ या प्रश्नावर शास्त्रज्ञांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं येत नाही, शक्यतेत येतं. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी त्यासाठी १९८८पासून फाशांचं रूपक वापरलं: फाशाच्या जास्त बाजू ‘उष्ण’ रंगवल्या गेल्या आहेत. २००४मध्ये पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी २००३च्या युरोपातल्या उन्हाळ्याचा अभ्यास मांडला: माणसाच्या प्रभावाने तशा उष्णतेची जोखीम किमान दुप्पट केली. जून २०२१मध्ये उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरची लाट तर मानवी तापमानवाढीशिवाय जवळजवळ अशक्य होती, असा निष्कर्ष आला.

मराठीत फासे म्हटले की शकुनी आठवतो, म्हणजे कपट. हा अर्थ टाळता येत नाही, त्यामुळे तो कुठे खरा आहे हे पाहावं लागतं. कोळसा जाळणारा प्रत्येक जण कपटी नव्हता. पण २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार एक्झॉनच्या शास्त्रज्ञांची अंतर्गत भाकितं, मोजमापाच्या पद्धतीनुसार, ६३ ते ८३ टक्के अचूक निघाली, आणि कंपनी बाहेर मात्र अनिश्चिततेवर बोट ठेवत राहिली. ठाऊक असून लपवल्याची बातमी असेल तिथे शकुनीचे फासे चालतील. नुसत्या लाटेच्या बातमीत ‘जड केलेले फासे’ म्हणावं आणि लगेच आकडा द्यावा: किती पट शक्यता, किंवा किती अंश जास्त. दोन्ही मिसळू नयेत. ‘दुप्पट शक्यता’चं ‘दुप्पट उष्णता’ झालेलं उपसंपादकाच्या नजरेतून सहज सुटतं.

किरकोळ, पण रोज लागणारी

‘घराला आग लागली आहे’ हे ग्रेटा थुनबर्गचं जानेवारी २०१९मधलं दावोसचं रूपक जागं करतं, पण आगीत सगळे बंबामागे धावतात, काडी कोणी टाकली हे कोणी विचारत नाही. ‘पृथ्वीला ताप’मध्ये रोगी आहे, वैद्य आहे, दोषी नाही. ‘एकाच होडीत सगळे’ म्हणताना होडीत वल्हवणारे आणि छताखाली बसलेले वेगळे असतात.

‘कडेलोट’ जपून. २०२४ हे वर्ष उद्योगपूर्व सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश अधिक उष्ण ठरलं, तेव्हा ‘दीड अंशाचा कडेलोट’ म्हणणं चूक होतं, कारण पॅरिसचं उद्दिष्ट दीर्घकालीन सरासरीचं आहे, एका वर्षाचं नव्हे. कड्याचं चित्र आणखी एक नुकसान करतं. पडल्यावर करायचं काही उरत नाही, म्हणजे जबाबदारीही संपते. प्रत्यक्षात दर दशांश अंश मोजला जातो.

‘हरितगृह’ ऐकून वाचकाला हिरवी रोपं दिसतात. ‘पांघरूण’ हे भौतिकशास्त्राला जास्त जवळ, पण मराठीत पांघरूण चुकांवर घालतात, तेव्हा जबाबदारीच्या बातमीत ‘दुलई’ बरी. ‘कार्बन बजेट’ दर वर्षी नव्याने मिळेल असं वाटतं. ते एकदाच मिळालेलं आहे, म्हणून ‘शिल्लक’ म्हणावं: दीड अंशाची निम्मी शक्यता राखायला २०२०च्या सुरुवातीला ५०० अब्ज टन शिल्लक होती आणि जग वर्षाला सुमारे ४० अब्ज टन खर्च करतं. छायाचित्रही रूपकच आहे. शीतकरण मनोऱ्यातून निघणारी पांढरी वाफ ‘प्रदूषण’ म्हणून छापू नये. ते पाणी असतं.

एकच बातमी, पाच मथळे

समजा, एका शहरात सहा दिवस उष्णतेची लाट आहे. उघड्यावर काम करणारे दगावले आहेत. संशोधकगट म्हणतो, तापमानवाढीमुळे अशी लाट दहा पट शक्य झाली. महापालिकेची उष्णता कृती योजना कागदावर आहे, निवारे उघडलेले नाहीत. (सगळं काल्पनिक.)

‘सूर्य कोपला, शहर होरपळलं’: दोषी आभाळात, योजना बातमीबाहेर.

‘उष्णतेशी शहराची झुंज’: सगळे शूर, उत्तर देणारं कोणी नाही.

‘आपणच तापवली पृथ्वी’: मेलेला मजूर आणि वातानुकूलित दालन एकाच ‘आपण’मध्ये.

‘शतकाच्या धुराचं देणं, मजुरांच्या माथी’: जागतिक जबाबदारी आली, भोगणाराही आला. पण महापालिका सुटली.

‘दहा पट शक्य झालेली लाट, निवारे बंदच’: रूपक जवळजवळ नाही. दोन्ही जबाबदाऱ्या जागेवर.

पहिल्या दिवशी पाचवा मथळा घ्यावा. चौथा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या विश्लेषणासाठी ठेवावा आणि त्यात टाकीची चौकट द्यावी: डावीकडे आजचे नळ, उजवीकडे साठलेलं पाणी, खाली वर्ष, छेद आणि कोणते वायू धरले ते. चौकटीत पाचच देश असले तरी चालतील, पण ते दोन्ही बाजूंना तेच आणि त्याच क्रमाने असावेत, नाहीतर वाचक एका बाजूचाच आकडा घेऊन पान उलटतो.